एकशे सहा रुपयांचा हिशेब

थळच्या किनाऱ्यावर उभे राहिले की समोर खांदेरी आणि उंदेरी दिसतात. संध्याकाळी खांदेरीचा दिवा लागला की आमच्या मोहल्ल्यात मुलांना अभ्यासाला बसवायची वेळ झाली असे समजतात. गेल्या वर्षी जूनमध्ये, पाऊस नुकताच सुरू झाला होता तेव्हा, अशाच वेळी माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचे अब्बा आमच्या ओट्यावर येऊन बसले. हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद होते. मुलीचा बी.एस्सी.चा निकाल लागला होता. विषय सांख्यिकी, म्हणजे स्टॅटिस्टिक्स, आणि वर्ग पहिला.

"आपा, पोरगी म्हणते ॲक्च्युअरीचं शिकायचंय. पुढे एम.एस्सी. करायचं म्हणते. मी दहा जणांना विचारलं, कुणालाच ठाऊक नाही. एक जण म्हणाला, माणसं कधी मरणार त्याचा हिशेब करतात. असलं शिक्षण काय कामाचं? तुम्ही तिला समजवा, बी.एड. कर म्हणून. तुमचं ऐकेल."

वाचकहो, खरे सांगायचे तर हा सल्ला मी तिला आधीच दिला होता. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. शिकलेली मुलगी दिसली की गेली अनेक वर्षे माझ्या तोंडून एकच शब्द निघतो, बी.एड. मी ते केले, मला नोकरी लागली, सासर-माहेर दोन्हीकडे मान मिळाला. मग सगळ्यांनी तेच करावे, असे मला वाटायचे. मुलीला काय येते आणि काय आवडते, हे मी विचारतच नव्हते.

दुसऱ्या दिवशी मुलगी स्वतः आली. सोबत एक वही होती. ती म्हणाली, "आपा, आधी माझं ऐका, मग काय ते सांगा."

चाचांच्या खात्यातील ३९० रुपये

तिच्या चाचांचे २०२२ साली ऐन पावसाळ्यात निधन झाले. वय ४६. रात्री छातीत दुखू लागले आणि अलिबागला पोहोचेपर्यंत सगळे संपले. मागे चाची आणि दोन लहान मुले. चाचांनी काही वर्षांपूर्वी बँकेत प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेचा फॉर्म भरला होता. वर्षाला ३३० रुपये खात्यातून आपोआप कापले जात आणि कोणत्याही कारणाने मृत्यू झाल्यास वारसाला २ लाख रुपये मिळणार होते. योजनेचे वर्ष १ जून ते ३१ मे असे असते. १ जून २०२२ पासून सरकारने हप्ता ३३० वरून ४३६ रुपये केला. चाचांच्या खात्यात तेव्हा ३९० रुपये होते. हप्ता कापला गेला नाही आणि संरक्षण संपले. घरात कुणाला कळलेही नाही. चाची पासबुक घेऊन बँकेत गेल्या तेव्हा समजले.

"आपा, जुना हप्ता असता तर पैसे कापले गेले असते. चाचीला २ लाख मिळाले असते. हे वरचे १०६ रुपये कुणी ठरवले, का ठरवले, हे मला कळायलाच हवं होतं. तेव्हा मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते. शोधता शोधता ॲक्च्युअरी हा शब्द सापडला."

मग तिने वही उघडली आणि मला, तिच्या शिक्षिकेला, शिकवायला बसली.

हिशेब साधा आहे. एक माणूस गेला तर २ लाख द्यायचे. प्रत्येकाकडून ३३० रुपये घेतले तर एका घराला द्यायची रक्कम जमायला ६०६ माणसे लागतात. म्हणजे वर्षभरात ६०६ माणसांत एकच मृत्यू झाला तर पैसे पुरतात. कार्यालयाचा खर्च धरला तर तेवढेही पुरत नाहीत. प्रत्यक्षात काय झाले? सरकारने जाहीर केलेल्या आकड्यांनुसार मार्च २०२२ अखेर या योजनेत ९,७३७ कोटी रुपये हप्ते जमा झाले होते आणि १४,१४४ कोटी रुपये दाव्यांपोटी दिले गेले होते. म्हणजे १०० रुपये आले आणि १४५ रुपये गेले. मधली दोन वर्षे कोरोनाची होती, हेही लक्षात घ्यायला हवे. ४३६ रुपये घेतले तर साधारण ४५९ माणसांत एक मृत्यू झाला तरी पैसे पुरतात. म्हणून हप्ता वाढला.

मी विचारले, "मग तुझं म्हणणं काय? वाढ चुकीची होती?"

"नाही, आपा. वाढवला नसता तर योजनाच बुडाली असती. मग कुठल्याच चाचीला काही मिळालं नसतं. पण चाचांसारखा माणूस खात्यात ४०० रुपयेसुद्धा ठेवू शकत नाही, हेही हिशेब करणाऱ्याला ठाऊक असायला हवं ना? आपल्यातलं कुणीतरी त्या टेबलावर असायला हवं."

या वाक्यावर मी गप्प झाले.

विधवांसाठी सुरू झालेले गणित

ॲक्च्युअरीला मराठीत विमागणिती म्हणता येईल. कोण कधी मरणार हे तो सांगत नाही. ते फक्त अल्लाहला ठाऊक. एक हजार माणसांपैकी वर्षभरात साधारण किती जातील, किती आजारी पडतील, किती होड्या वादळात सापडतील आणि त्यासाठी आज किती पैसे बाजूला ठेवायला हवेत, एवढेच तो मांडतो. एका माणसाचे नशीब सांगता येत नाही, पण हजारांचा अंदाज बांधता येतो. हे शास्त्र त्यावर उभे आहे.

याची सुरुवात मोठी वाचनीय आहे. धूमकेतूमुळे आपल्याला माहीत असलेल्या एडमंड हॅलीने १६९३ साली ब्रेस्लाऊ या शहरातील जन्ममृत्यूच्या नोंदी घेऊन कोणत्या वयाची किती माणसे जगतात याचा तक्ता तयार केला. पुढे १७४४ च्या सुमारास स्कॉटलंडमधील दोन पाद्रींनी, रॉबर्ट वॉलेस आणि अलेक्झांडर वेबस्टर यांनी, असाच हिशेब आपल्या बिरादरीसाठी केला. पाद्री वारला की त्याची बायको-मुले उघड्यावर पडत. दरवर्षी किती पाद्री वारतील, किती विधवा आणि यतीम मुले मागे राहतील हे त्यांनी मोजले आणि प्रत्येकाने वर्षाला किती द्यायचे ते ठरवून निधी उभा केला. १७६२ साली लंडनमध्ये इक्विटेबल ही विमा संस्था निघाली आणि तिथल्या मुख्य अधिकाऱ्याला ॲक्च्युअरी हे नाव मिळाले.

आपल्याकडे इंग्रजांच्या कंपन्या हिंदी माणसाचा विमा उतरवायला नाखूश असत. उतरवलाच तर जादा हप्ता घेत, कारण आपले आयुष्य त्यांच्या तक्त्यात कमी प्रतीचे मानले जाई. मुंबईत १८७० साली निघालेल्या बॉम्बे म्युच्युअल या संस्थेने हिंदी लोकांना सर्वसाधारण दराने विमा द्यायला सुरुवात केली. १९१२ च्या कायद्याने हप्त्यांचे तक्ते ॲक्च्युअरीकडून प्रमाणित करून घेणे बंधनकारक केले. तरी पुढेही कंपन्या बुडत राहिल्या आणि गरिबांचे पैसे जात राहिले. अखेर जानेवारी १९५६ मध्ये आयुर्विमा सरकारच्या हाती आला आणि २४५ लहानमोठ्या संस्था एकत्र करून १ सप्टेंबर १९५६ रोजी एलआयसी सुरू झाली. तो निर्णय जाहीर करणारे अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख आपल्याच जिल्ह्याचे. १८९६ साली महाडजवळच्या नाते गावी त्यांचा जन्म झाला. मी हे सांगितले तेव्हा मुलीचे अब्बा म्हणाले, "म्हणजे हे काम अगदीच परकं नाही तर."

मीरास आणि अल्-ख्वारिज्मी

अब्बांचा पुढचा सवाल मात्र सरळ होता. "पण आपा, विमा जायज आहे का?"

यावर फतवा देणारी मी कोण? व्याज, अनिश्चितता आणि जुगारासारखा व्यवहार या मुद्द्यांवर आलिमांनी खूप लिहिले आहे आणि त्यांच्यात मतभेद आहेत. पॉलिसी घ्यावी की नाही, हे ज्याने त्याने आपल्या भरवशाच्या आलिमांना विचारावे. मी अब्बांना दोन गोष्टी सांगितल्या.

पहिली अशी की हिशेबाचे हे इल्म आणि विम्याचा एखादा विशिष्ट करार, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परस्पर मदतीच्या तत्त्वावर चालणारी तकाफुलची पहिली कंपनी १९७९ साली सुदानमध्ये निघाली. मलेशियाने १९८४ साली त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. तिथेही किती वर्गणी घ्यायची हे ठरवायला हाच हिशेब करावा लागतो. शिवाय प्रत्येक ॲक्च्युअरी विमा कंपनीतच बसतो असे नाही. आपल्या गावच्या आरसीएफसारख्या मोठ्या कारखान्यात हजारो माणसे काम करतात. पाच वर्षे सेवा झाली की निवृत्तीच्या वेळी सेवेच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांच्या पगाराइतकी ग्रॅच्युइटी देणे लागते. पुढे वीस-तीस वर्षांत किती जणांना किती द्यावे लागेल, याचा अंदाज मोठ्या कंपन्यांना दरवर्षी ताळेबंदात दाखवावा लागतो. तो अंदाज ॲक्च्युअरी काढतो. माझी स्वतःची नेमणूक १ नोव्हेंबर २००५ नंतरची, म्हणून मला जुनी पेन्शन नाही. मार्च २०२३ मध्ये त्यासाठी राज्यभर संप झाला, त्यात मीही होते. जुनी पेन्शन सरकारला परवडते की नाही, हा वादसुद्धा शेवटी याच गणितावर येऊन थांबतो. तेव्हा मला घोषणा देता येत होत्या, पण आकडे मांडता येत नव्हते.

दुसरी गोष्ट आपल्या इतिहासातली. बीजगणिताला ज्यांच्या ग्रंथामुळे इंग्रजीत नाव मिळाले, त्या अल्-ख्वारिज्मींनी नवव्या शतकात बगदादमध्ये तो ग्रंथ लिहिला. त्याचा मोठा भाग मीरास आणि वसीयतीच्या उदाहरणांचा आहे. समजा, एक माणूस वारला. आईवडील आधीच गेलेले. कर्ज नाही, वसीयत नाही. मागे बायको, एक मुलगा आणि एक मुलगी. मालमत्तेचे २४ भाग केले तर बायकोला ३, मुलाला १४ आणि मुलीला ७ भाग येतात. आपल्या घरांत हा हिशेब शतकानुशतके होत आला आहे. मीरास म्हणजे जे मागे उरले त्याची न्याय्य वाटणी. पण मागे काही उरेल का, आणि उरेल ते यतीम मुले मोठी होईपर्यंत पुरेल का, हा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. मुलीला तोच सोडवायला शिकायचे होते.

अब्बा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "भावाच्या घरात वाटायला होतंच काय?"

पदवी वेगळी, परीक्षा वेगळ्या

आता सर्वांत कामाची गोष्ट. पालकांनी ही नीट वाचावी, कारण इथे पैसे आणि वर्षे दोन्ही वाया जाऊ शकतात.

ॲक्च्युरिअल सायन्समध्ये एम.एस्सी. केली म्हणून कुणी ॲक्च्युअरी होत नाही. बी.कॉम. झाल्याने कुणी सी.ए. होत नाही, तसेच हे. आपल्या देशात ही मान्यता इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्च्युअरीज ऑफ इंडिया ही संस्था देते. १९४४ साली निघालेल्या सोसायटीचे २००६ च्या कायद्याने या संस्थेत रूपांतर झाले. तिची प्रवेशपरीक्षा बारावीनंतर देता येते. तीन तास, १०० गुण. गणित, सांख्यिकी, माहितीचे आकलन, इंग्रजी आणि तर्क असे विषय. त्यानंतर एकेक करून दहाहून अधिक पेपर द्यावे लागतात. त्यांत संभाव्यता, व्याजाचे गणित, अर्थशास्त्र, जोखमीचे मोजमाप असे विषय असतात. वर्गात बसण्याची सक्ती नाही, अभ्यास घरी करता येतो. एका पेपरची फी काही हजारांत जाते. पेपर अवघड असतात, हुशार मुलेही नापास होतात. पूर्ण फेलो व्हायला सहा-सात वर्षे सहज लागतात, कित्येकांना त्याहून जास्त. म्हणूनच एवढ्या मोठ्या देशात पूर्ण पात्र ॲक्च्युअरी काही शेकड्यांच्या घरातच आहेत. मात्र तीन-चार पेपर सुटले की कंपन्या नोकरीवर घेतात आणि पुढचे पेपर नोकरी करत देता येतात.

मग एम.एस्सी. कशासाठी? मुलीच्या वहीत याचे उत्तर दोन रकान्यांत लिहिलेले होते. एका रकान्यात खासगी विद्यापीठाची एम.एस्सी. ॲक्च्युरिअल सायन्स. फी लाखांत. विषय थेट उपयोगाचे, पण पेपर सुटले नाहीत तर पदवीचा उपयोग मर्यादित. दुसऱ्या रकान्यात सरकारी विद्यापीठाची एम.एस्सी. सांख्यिकी. ती मुंबई विद्यापीठात कलिन्याला आहे, पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठात आहे. फी कमी. विषयांचा पाया तोच. आणि मध्येच ॲक्च्युअरीचा रस्ता सोडावा लागला तरी दारे उघडी: सेट-नेट देऊन कॉलेजात शिकवता येते, लोकसेवा आयोगाची भारतीय सांख्यिकी सेवेची परीक्षा देता येते, बँका आणि कंपन्यांत आकडेवारीची कामे मिळतात. लोकसंख्येच्या अभ्यासाची आवड असेल तर देवनारला १९५६ साली स्थापन झालेली लोकसंख्या विज्ञानाची आंतरराष्ट्रीय संस्था आहे. आयुर्मानाचे तक्ते तिथे सखोल शिकवतात.

"म्हणजे आपा," ती म्हणाली, "मी स्वतःचाच विमा उतरवला आहे. पेपर सुटले तर ॲक्च्युअरी. नाही सुटले तरी घरी रिकाम्या हाताने यायचं नाही."

कुठेही फी भरण्याआधी तीन प्रश्न विचारावेत, असे मी आता प्रत्येक पालकाला सांगते. पहिला, विद्यापीठाला विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता आहे का? दुसरा, या पदवीमुळे संस्थेच्या नेमक्या कोणत्या पेपरांत, किती गुणांवर सूट मिळते? हे तोंडी ऐकू नये, लेखी मागावे. आणि तिसरा, मुलाने पुढे एकही पेपर दिला नाही तर या पदवीवर कोणते काम मिळेल? तिन्हींची उत्तरे समाधानकारक असतील तरच पैसे द्यावेत. पैशांची अडचण असेल तर उच्च शिक्षणाच्या सरकारी शिष्यवृत्त्या आणि मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाच्या शैक्षणिक योजनांची चौकशी जिल्ह्याच्या ठिकाणी जरूर करावी.

चाची बोलल्या

राहिला शेवटचा प्रश्न. तो अब्बांनी माझ्यासमोर विचारला नाही, पण घरात तोच मोठा होता. सहा-सात वर्षे म्हणजे मुलीचे निकाहाचे वय. मी त्या घरी गेले तेव्हा चाची कोपऱ्यात शिलाई मशीनवर बसल्या होत्या. सगळ्यांचे बोलून झाल्यावर त्यांनी मशीन थांबवली.

"भाईजान, माझा निकाह एकोणिसाव्या वर्षी झाला. घर चांगलं मिळालं, माणूसही चांगला मिळाला. तरी आज ही मशीन नसती तर पोरांना काय खाऊ घातलं असतं? हिच्या हाताला काहीतरी येऊ दे. निकाह काय, अल्लाहने लिहिलं तेव्हा होईल. परीक्षा घरी बसून देता येते म्हणते ना?"

त्यावर पुढे चर्चा झाली नाही. अब्बांनी दोन वर्षांची मुदत घातली. एम.एस्सी. पूर्ण करायची आणि त्यासोबत पेपर सुरू करायचे, मग पुढचे पुढे पाहू. मुलीने मान डोलावली.

ती आता मुंबईत कुर्ल्याला खालाकडे राहून एम.एस्सी. करते. पावसाळ्यात मांडव्याच्या लाँच बंद असतात तेव्हा पेणवरून एसटीने येते-जाते. संस्थेची प्रवेशपरीक्षा ती पहिल्याच वेळी पास झाली. पहिल्या पेपरात मात्र थोड्या गुणांसाठी नापास झाली. मला वाटले, अब्बा आता मुदतीची आठवण करून देतील. त्यांनी मला फोन करून एवढेच विचारले, "आपा, हा पेपर पहिल्या झटक्यात किती जणांचा सुटतो?" मी म्हटले, "फार थोड्यांचा." "मग ठीक आहे," म्हणाले. ती पुन्हा तोच पेपर देणार आहे.

मी अजून मुलींना बी.एड.चा सल्ला देते, पण आधी त्यांची वही पाहायला मागते.

आणि एक गोष्ट सांगायची राहिली. या वर्षी मेच्या शेवटच्या आठवड्यात अब्बा जुम्मेच्या नमाजनंतर मशिदीबाहेर उभे राहून ओळखीच्या प्रत्येकाला अडवत होते. "ज्यांनी बँकेत तो फॉर्म भरलाय, त्यांनी खात्यात ४३६ रुपये आहेत का ते बघून घ्या. महिनाअखेर कापतात. ४०० असून चालत नाही."